मेबलचा ऑर्गन्झा

ऑर्गन्झा शिवावा तर खोताच्या वाडीतल्या पर्पेच्युआनेच, असं गिरगावातली सगळी ख्रिस्ती घरं म्हणत. बाप्तिस्म्याचं टोपडं, पहिल्या कम्युनियनचा फ्रॉक, नवरीचा झगा, सगळं तिच्या हातचं. कापड मोठं नखरेल. कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ, पण अंगात भलता ताठा. आणि मनात धरून ठेवणारं. सुई एकदा टोचली की भोक कायमचं. शिवण उसवली तरी ठिपक्यांची रांग चुगली करायची.

तिच्याकडे कात्र्या दोन होत्या. एक जित्यांची, एक मेलेल्यांची. वाडीत कुणी बिनलग्नाची पोर गेली की तिला नवरीसारखी सजवून नेत, आणि तो झगाही पर्पेच्युआच शिवायची. त्या कामाची कात्री काळ्या फडक्यात गुंडाळून वेगळी ठेवायची, ही सासूने घालून दिलेली शिस्त. इतक्या वर्षांत तिने ती कधी मोडली नव्हती.

मोडली ती लेकीच्याच लग्नाला. छप्पन सालचा जानेवारी होता. मुंबईसाठी शहर पेटलेलं, गिरगावात कर्फ्यू, आणि जित्यांची कात्री धारवाल्याकडे अडकलेली. मेबलचं लग्न रविवारवर आलं होतं. शेजारपाजारच्या बोथट कात्रीने ऑर्गन्झाचे दोरे सुटतात. शेवटी पर्पेच्युआने काळं फडकं सोडलं, छातीवर क्रूस काढला आणि कापड बेतलं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते काही उगाच नाही.

दुपारी कर्फ्यू सैल झाला तशी मेबल ज्योमामाबरोबर पांढरे बूट आणायला दादरला गेली. पर्पेच्युआने शिवण आखायला बेतलेला तुकडा खिडकीच्या उजेडात धरला.

कापडाला भोकं होती.

गळ्याभोवती, कमरेला, बाह्यांच्या जागी ठिपक्यांच्या बारीक रांगा. पण कापड कोरं होतं. ज्योने ठाणाचं सील तिच्यासमोर फोडलं होतं. तिने बोटाने माप लावून पाहिलं. माप मेबलचं. आणि टाके डावीकडे कललेले, डावखुऱ्या बाईचे, म्हणजे तिचे स्वतःचे. पाठीला मात्र शिवण नव्हतीच. तिथे फक्त नाड्या लावल्याच्या खुणा होत्या, गळ्यापासून पार खालपर्यंत.

तसला झगा तिने पुष्कळदा शिवला होता. मयताला तो समोरून चढवतात आणि मागे नाड्या ओढतात.

ठाकूरद्वाराकडून गोळ्यांचे फाटफाट आवाज आले. मग सगळं चिडीचूप झालं.

"पर्पेच्युआबाय," खालच्या मजल्यावरच्या राधाबाईने दबक्या आवाजात हाक दिली, "खिडकी लावून घ्या. नाक्यावर काहीतरी झालंय. पोरगी आली का?"

"नाय अजून..."

मन चिंती ते वैरी न चिंती. पर्पेच्युआने सुई ओवली. पाठ शिवून टाकायची, अशी घट्ट की कुणाच्या बापाला उसवता येऊ नये. उघडी पाठ राहिलीच नाही तर तो झगा मेलेल्याचा होणार कसा? ओठांवर आवे मारिया, हातात सुई. पण चार टाके पुढे घातले की मागचे चार सुटलेले असत. दोरा तुटत नव्हता, गाठ सुटत नव्हती, तरी कापड दुभंगत होतं. खोलीत विझवलेल्या मेणबत्तीचा वास पसरला. तिने मेणबत्ती लावलीच नव्हती. ती रडत रडत शिवत राहिली.

दारात पाऊल वाजलं. मेबल उभी होती.

"आलीस गे बाय माझी..." पर्पेच्युआला उठायचंही भान राहिलं नाही. "बूट कुठेत?"

मेबल आत आली नाही. तिचे दोन्ही हात अंगाला चिकटल्यासारखे लोंबत होते.

"मम्मी... पाठ नको शिवू."

"का गे?"

"हात वर होत नाहीत माझे... मग डोक्यातून कसा घालू?"

तेवढ्यात वाडीच्या तोंडाशी चाकं खडखडली. ज्योचा आवाज आला, फाटलेला, ओळखू न येणारा.

"पर्पेच्युआ... खाली ये. मेबलला हातगाडीवरून आणलीय."

पर्पेच्युआ जागची हलली नाही. तिची नजर दारातल्या लेकीवरच होती.

"मामा बोलावतोय," मेबल हळूच म्हणाली. "जा तू... मी घालून बघते."

राधाबाई धावत वर आली, तेव्हा खोलीत पर्पेच्युआ एकटीच होती, भिंतीला टेकलेली, हातात सुई. टेबलावर पुरा झालेला झगा पडला होता.

"एवढ्यात सगळा शिवलात?" राधाबाईच्या तोंडून निघून गेलं.

"मी फक्त पाठ शिवत होते..." पर्पेच्युआ म्हणाली.

पण झग्याला बाह्या होत्या, गळपट्टी होती, झालर होती. पाठ उघडी होती आणि तिला सात नाड्या होत्या. राधाबाईने झगा उचलायला हात घातला आणि झटक्याने मागे घेतला. नुकताच कुणीतरी अंगावरून उतरवून ठेवावा, तसा तो कोमट होता.