टपावरची काच

चौऱ्याहत्तर सालचा श्रावण. सोमवार होता, जेवणाची सुट्टी झाली होती. मरोळच्या आमच्या काच कारखान्याच्या फाटकाशी मी डबा उघडून बसले होते, आणि समोर एक गाडी येऊन थांबली. लांबलचक, निळी, परदेशी. आणि तिच्या टपावर… शिडाचं कापड! चक्क होडीचं शीड, चारी बाजूंनी दोरखंडानं आवळून बांधलेलं.

मला हसू आलं. मी ते लपवलंही नाही.

गाडीतून एक उंच, सावळा तरुण उतरला. पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. माझ्याकडे बघून त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हसायला काय झालं?"

"काही नाही. गाडी समुद्रात न्यायचीय, की समुद्रातून आणलीत?"

"काच बसवायचीय. साहेब आहेत का आत?"

"साहेब जेवतायत. काय असेल ते मला सांगा."

"तुम्हाला?" त्यानं मला वेणीपासून चपलेपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही टायपिस्ट ना?"

झालं! माझा पारा चढायला एवढं पुरतं. मी डब्याचं झाकण लावलं आणि उठून उभी राहिले.

"मी काच कापते. कटिंगच्या टेबलावर असते. मीरा सीताराम कांबळे, राहणार घाटकोपर. आणखी काही?"

तो गोरामोरा झाला. मग हळूच म्हणाला, "लहू. वेसाव्याचा." आणि त्यानं दोरखंडाच्या गाठीला एकच हिसका दिला… एवढी जाडजूड गाठ एका क्षणात सुटली. मला ते आवडलं. पण तसं सांगायची माझी अजिबात इच्छा नव्हती.

शिडाखाली टपाला चौकोनी भोक होतं. तिथली काच फुटली होती. कडेच्या रबरी पट्टीत तिचे कण अजून चमकत होते.

"कशानं फुटली?"

लहूनं मान खाजवली. "सांगतो, पण हसायचं नाही. आमच्यात नवी होडी आली की तिच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, नारळ फोडतात. गाडी आली तेव्हा पूजा महादूकाकाकडे. त्यांच्या हिशोबी गाडी म्हणजे होडीच. आणि टपावर हे भाराभर झेंडूचे हार! खाली पत्रा आहे का काच, कोण बघतंय? काकांनी एकवीरेचं नाव घेतलं, हात उचलला आणि…"

"नारळ फुटला?"

"नारळाला ओरखडा नाही."

मी पोट धरून हसले. तोही हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडते, हे मला तेव्हाच दिसलं. दिसलं म्हणजे काय, मी दोनदा बघितलं.

गाडी त्याच्या आईची होती. सोनूबाई म्हणजे वेसाव्याच्या बाजारातली मोठी असामी. कुठल्याशा वकिलातीतल्या साहेबाची गाडी तिनं लिलावात घेतली होती, आणि शनिवारी नारळी पुनवेला याच गाडीतून बंदरावर जाणार म्हणून अख्ख्या कोळीवाड्याला सांगून बसली होती.

"मग पत्रा मारून घ्या ना टपावर," मी म्हटलं. "तासाभराचं काम."

"तसं मीही बोललो. तर आय म्हणाली, चाळीस वर्षं डोक्यावर पाटी होती, आता डोक्यावर आभाळ पाहिजे."

हे ऐकलं आणि मी त्या गाडीत गुंतले. गाडीत म्हणते, बरं का!

लहूनं मागच्या सीटवरून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक काच काढली. साधी, खिडकीची. अंधेरीतल्या दुकानातून आणलेली. "ही फक्त मापात कापून द्या. बसवतो मी."

"नाही."

"म्हणजे?"

"ही काच डोक्यावर बसवायची नाही. उद्या फुटली तर सुऱ्या पडतील तुमच्या आईच्या मानेवर. इथे भट्टीत तापवून कडक केलेलीच काच लागते. ती फुटली तर खडीसाखरेसारखे कण होतात, मान कापत नाही. पण ती एकदा भट्टीतून निघाली की तिला पुन्हा कापता येत नाही. कापायची हिरकणी लावली की भुगा. म्हणून माप, कडा, कोपरे, सगळं आधीच बरोबर व्हायला हवं."

"किती दिवस?"

"पाच आहेत ना हातात?"

"चार."

"मग चार."

मी खाकी कागद आणला, टपाच्या चौकटीवर ताणून बसवला आणि कडेकडेनं पेन्सिल घासत माप उतरवलं. कागद उडू नये म्हणून लहूनं दुसरं टोक धरलं होतं. आमची बोटं एकदा एकमेकांना लागली. त्यानं पटकन हात काढला आणि कागद उडाला. मला सगळं माप पहिल्यापासून घ्यावं लागलं.

"लक्ष कुठंय तुमचं?" मी विचारलं.

"कागदावर," तो म्हणाला. अगदी धडधडीत खोटं.

आता माझं सांगते. त्या टेबलावर बसलेली मी पहिली बाई. आधी दोन वर्षं पॅकिंगला होते, गवतात काचा गुंडाळत. कटिंगला घ्या म्हणून चंद्रप्रकाशसाहेबांच्या इतकं मागे लागले की शेवटी ते म्हणाले, श्रावण संपेपर्यंत बसून बघ. मात्र अट घातली. एक जरी तुकडा तुझ्या हातून वाया गेला, तर परत पॅकिंग. आषाढात एकही तुकडा वाया गेला नव्हता. माझे बाबा शाळेत शिपाई. ते चाळीत सगळ्यांना सांगत, आमची मीरा काच कापते, आणि हे सांगताना ते खुर्चीत ताठ बसत. ते टेबल माझ्या हातून जाऊन चालणार नव्हतं.

मंगळवारी मी खाकी कागदाच्या मापावरून फर्मा केला, काच कापली. बुधवारी कडा घासल्या. दोन दिवस लहू काही ना काही निमित्त काढून फाटकाशी हजर. एकदा रबरी पट्टी दाखवायला, एकदा नुसतंच 'इथून जात होतो' म्हणून. वेसाव्याहून कुठेही जायला मरोळ वाटेत लागत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. तुम्हीचं तू कधी झालं, तेही कळलं नाही.

बुधवारी दुपारी काच उजेडात धरली. एका कोपऱ्याला टवका. तिळाएवढा. तो रबरात दडला असता, कुणालाही दिसला नसता. भट्टीतूनही कदाचित सुखरूप निघाला असता. पण कदाचित…

मी काच घेऊन सरळ साहेबांच्या टेबलाशी गेले. "ही मी नापास करतेय. दुसरी कापावी लागेल."

साहेबांनी चष्मा वर केला. "हा टवका कुणी बघितला?"

"मी."

"अजून कुणी?"

"कुणी नाही."

त्यांनी टवक्यावर नख फिरवलं. "दुसरी काप. आणि तुझ्या टेबलाचं शनिवारी बघतो."

संध्याकाळी लहू आला. मी टवका दाखवला. तो उसळलाच.

"एवढासा? यार, हा तर मुंगीलाही दिसणार नाही! दिवस राहिले किती? आयला काय सांगू मी?"

"सांग, मीरानं काच नापास केली."

"तुझा हट्ट आणि माझी वाट!"

"हट्टच आहे. माझ्या हातून खोटी काच जाणार नाही. परवडत नसेल तर ती खिडकीची काच अजून तुझ्या गाडीत असेल, बसव जा!"

तो निघून गेला. गाडीचं दार त्यानं असं आपटलं की रखवालदार दचकला. मी घाटकोपरच्या बसमध्ये खिडकीशी बसले आणि रडले. टेबल जाणार म्हणून रडले, आणि तो गेला म्हणूनही रडले. हे दुसरं कारण स्वतःशी कबूल करायला असल्फाचा स्टॉप यावा लागला.

गुरुवारी सकाळी साडेसातला फाटकाशी निळी गाडी उभी. लहू खाली मान घालून उभा. रात्रभर झोपला नसावा.

"मीरा, ऐक… होडीला एक फळी हलकी लागली ना, तर आमचा सुतार आख्खी बाजू उघडतो. महिना लागला तरी आम्ही त्याला घाई करत नाही. त्या होडीवर माणसं जातात. सुताराला जे कधी बोललो नाही ते तुला बोललो. चुकलं माझं."

मला खूप काही बोलायचं होतं. मी म्हटलं, "बाजूला हो, उशीर होतोय."

पण हसून म्हटलं.

दुसरी काच मी अशी कापली की तशी आजवर कापली नव्हती. कडेवरून उलटं बोट फिरवलं तर रेशमावरून फिरवल्यासारखं. दुपारी ती भट्टीत गेली. तापून बाहेर आली की काचेवर दोन्ही बाजूंनी गार हवेचा मारा होतो. फुटायची असेल तर ती तेव्हाच फुटते. हवा सुटली. तो घोंघाट… मी मनात मोजत होते. जाळीच्या पलीकडे लहू दोन्ही हातांनी तारा धरून उभा होता. त्याची नजर काचेवर नव्हती, माझ्यावर होती.

हवा थांबली. काच अखंड होती.

मी जाळीकडे बघितलं आणि मान हलवली. त्यानं डोळे मिटून घेतले. इतका अभिमान मला माझा कधीच वाटला नव्हता.

शुक्रवारी काच बसवली. हे काम एकट्याचं नसतं. रबराच्या खाचेत सुतळी घालायची, साबणाचं पाणी लावायचं. एकानं वरून तळव्यांनी काच दाबायची, दुसऱ्यानं आत बसून सुतळी हळूहळू ओढायची. मग रबराचा ओठ आपोआप चौकटीवर चढतो. मी आत सीटवर आडवी झाले. लहू वर ओणवा झाला. मधे फक्त काच. त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर वर, केस कपाळावर आलेले, आणि मागे ढग.

"ओढू?" मी विचारलं.

"ओढ."

सुतळी इंचाइंचानं निघत होती. दोन बाजू झाल्या. तिसऱ्या बाजूला आम्ही दोघंही थांबलो, दम घ्यायला. तो काचेतून माझ्याकडे बघत राहिला, आणि म्हणाला, "मीरा… मला तू आवडतेस. फार."

काच होती मधे, पण मला शब्द न् शब्द ऐकू आला. मी सुतळीचा बोटाला आणखी एक वेढा घेतला.

"कोपऱ्यात दाब," मी म्हटलं.

"ऐकलंस का?"

"कोपऱ्यात दाब, लहू! काम चालू आहे."

त्यानं मुकाट्यानं दाबलं. सुतळी सुटली, काच बसली. मग मी आत वर्तमानपत्र पसरून बसले आणि त्याला वरून बादल्या ओतायला लावल्या. सहा बादल्या. कागदावर एक थेंब नाही. आणि उत्तर मी दिलं नाहीच. टेबल राहतंय की जातंय हे कळल्याशिवाय मला दुसरं काही बोलायचं नव्हतं. पॅकिंगमधल्या मीराला तो आवडला नसता असं नाही. पण मला उत्तर द्यायचं होतं ते ताठ मानेनं.

शनिवारी दुपारी दीडला कारखान्यात गलका झाला. सोनूबाई स्वतः आल्या होत्या. हिरवंगार लुगडं, केसांत अबोली, गळ्यात, कानांत, दंडावर सोनं. चंद्रप्रकाशसाहेब हात जोडून पुढे धावले.

"आमच्या फॅक्टरीचं काम आहे, बाई!"

"फ्याक्टरीचं र्‍हावं दे. काच केली ती पोरगी कंची?"

मी पुढे झाले. त्यांनी माझे दोन्ही हात धरून उलटेसुलटे बघितले, बोटांवरचे कापल्याचे वण निरखले.

"कुनाची गो तू?"

"घाटकोपरच्या सीताराम कांबळेंची. आम्ही बौद्ध."

"त्ये मी इचारलं नव्हतं."

"मी सांगितलं."

त्यांच्या मागे उभा असलेला लहू एक पाऊल पुढे आला. सोनूबाई माझ्या डोळ्यांत बघत राहिल्या. मीही नजर खाली घातली नाही.

"पोरी, मी जात बघत नाय असं खोटं बोलनार नाय," त्या म्हणाल्या. "बघते. माझा लहू चार दिस तुझंच नाव घेतोय, म्हनून सकालपासून त्या गाडीत बसून तुझ्या कामात खोट काढत होते. बोट फिरवलं, पानी टाकलं, उन्हात बघितलं. एक खोट गावली नाय गो." त्या साहेबांकडे वळल्या. "ही पोरगी कंच्या टेबलावर असते?"

साहेबांनी घसा खाकरला. "कटिंगच्या. स्वतःची काच स्वतः नापास करणारं माणूस मला वीस वर्षांत भेटलं नव्हतं. टेबल तिचंच आहे. कायमचं." मग मला म्हणाले, "जा मीरा, आज सुट्टी घे. बाईंबरोबर जा."

"नाही साहेब. टेबल माझं आहे ना? मग साडेतीनला सुटेन."

सोनूबाई मोठ्यानं हसल्या. "बंदरावर सगला गाव खोलंबलाय!" आणि फाटकाशी रखवालदाराच्या बाकावर, सगळ्या सोन्यासकट, ऐसपैस बसल्या. "खोलंबू दे. आमी थांबतो."

दोन तास मी काचा कापल्या. हात जराही हलला नाही.

बंदरावर पोचलो तेव्हा वेसावं नटलं होतं. ढोल, पताका, रंगवलेल्या होड्या. निळी गाडी थांबली तशी बायका धावत आल्या. टपातल्या काचेतून आत बघायला काही पोरं चाकावर चढली. सोनूबाई उतरल्या, मग मी उतरले, आणि सगळ्या नजरा माझ्यावर आल्या.

"ही कोन गो, सोनू?" कुणीतरी विचारलं.

"कारागीर हाय. ही काच हिनं केली," सोनूबाई म्हणाल्या.

लहू माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. काल काचेपलीकडून बोलला होता. आज मधे काहीच नव्हतं, तर त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

"आणि…" तो म्हणाला, आणि अडकला.

ढोल क्षणभर थांबला होता. अख्खा कोळीवाडा ऐकत होता. मी मान वर केली.

"आणि ह्यानं मला काल विचारलं होतं," मी म्हटलं. "माझं उत्तर हो आहे. उद्या रविवार, बाबा घरी असतात. ज्याला मला मागायचं असेल त्यानं घाटकोपरला येऊन त्यांच्यासमोर बसावं."

सोनूबाईंनी लहूच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

"ऐकलंस ना रे? सकाली लवकर ऊठ."