बजाबाईच्या आडाचं पाणी

सकाळी सात वाजता फोन वाजला तेव्हा इंद्रायणीच्या हातात चहाचा कप होता. फोन संपला तेव्हा चहावर साय धरली होती, आणि तो पिण्याची तिची इच्छाही उरली नव्हती.

फोन सिद्धलिंगप्पा सरांच्या मुलीचा, श्रावणीचा होता. सोलापूरच्या दवाखान्यातून. तिचा सहा वर्षांचा ओजस रात्रीपासून सलाइनवर होता आणि डोळे उघडत नव्हता. गावच्या यात्रेला सरांकडे चौदा पाहुणे उतरले होते. चार दिवस राहिले, आणि त्यातले नऊ जण उलट्या-जुलाबांनी आडवे झाले; गल्लीतलीही काही माणसं आजारी होती. डॉक्टरांनी विषबाधा नाही म्हणून सांगितलं होतं. पिण्याच्या पाण्यात मैला आहे, असं त्यांचं म्हणणं.

"तो कुणी टाकला ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे," श्रावणी म्हणाली. "बजाबाईनं. भांडण तिनंच काढलं होतं. दुपारी मी ठाण्याच्या साहेबांना घेऊन येते. तोवर तुमचा अहवाल तयार ठेवा."

इंद्रायणी शिरनहळ्ळीची पोलीस पाटील होती. म्हणजे मानधन तुटपुंजं आणि शिव्या मात्र भरपूर. गेल्या सहा वर्षांत तिने बांधाची भांडणं, कोंबड्यांच्या चोऱ्या आणि एक पळून गेलेली नवरी एवढंच हाताळलं होतं. माणसांच्या पिण्याच्या पाण्यात कुणी घाण घालेल, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

बजाबाईच्या आडाची गोष्ट अशी, की गल्लीतल्या बोअरचं पाणी मचूळ. त्यात डाळ शिजत नाही आणि चहा फाटतो. बजाबाईच्या आडाचं पाणी मात्र गोड. ती सत्तरीची विधवा, एकटी राहणारी. पण तिने आडावर कधी कुणाला अडवलं नाही. आज त्याच आडाच्या तोंडावर गावाने बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्या होत्या, आणि काठावर उभे राहून लोक तिच्या बंद दाराकडे बघून थुंकत होते.

इंद्रायणीने फांद्या बाजूला करवल्या आणि एक बादली वर ओढली. पाणी दिसायला तसं बरं होतं. नाकाजवळ नेलं मात्र, आणि तिने बादली तशीच उपडी केली.

मग तिने शेजारच्या घरातला आरसा मागवला आणि ऊन धरून आडात सोडलं. तीन बाजूंचे दगड कोरडे होते. चौथ्या बाजूला, पाण्याच्या हातभर वर, दगडांच्या सांध्यातून एक काळा, चिकट ओघळ उतरला होता. त्याच्या वरचे दगड काठापर्यंत स्वच्छ होते. ती बाजू सरांच्या घराची. इंद्रायणी तो ओघळ बराच वेळ बघत राहिली.

बजाबाईने दार उघडलं, पण ती भिंत धरून उभी होती.

"काकू, सरांशी भांडण झालं होतं?"

"व्हय, झालं की. संडासाचा खड्डा माज्या आडाच्या अंगाला खांदाय निघाला हुता. म्हनलं, सिद्धू, हितं नको, तिकडं परसात खांद."

"मग?"

"मग तिकडं खांदला. ऐकलं त्यानं."

"आणि तुम्ही म्हणालात, तुझ्या पाव्हण्यांना माझं पाणी पचायचं नाही."

"म्हनले. तोंड हाय, बोलतंय. हात न्हाय लावला मी पान्याला."

खाटेखाली एक तांब्या झाकून ठेवलेला होता. इंद्रायणीने झाकण काढून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मीठ-साखरेचं पाणी होतं.

"कधीपासून जुलाब होताहेत?"

म्हातारी खाटेवर बसली. "परवापासनं. कुनाला सांगू नगंस. पाप भोवलं म्हनतील." आणि ती रडायला लागली. आड बुजवा म्हणतात, म्हणाली. तुरुंगाचं न्हाय लई वाटत मला, पण आड बुजवला तर मी हितं कशाला राहू? इंद्रायणीला तिची इतकी दया आली, की पोलीस पाटलाने आरोपीला कुशीत घ्यावं की नाही हा प्रश्न तिने बाजूला ठेवला.

बाहेर पडताना बोळात ती ठेचकाळली. सरांची भिंत आणि बजाबाईची भिंत यांच्यामधल्या जमिनीवर ताज्या सिमेंटचा एक चौकोन होता. बजाबाईने दारातूनच सांगितलं की ते सरांच्या आज्याचं पेव. पेव म्हणजे ज्वारी साठवायचं जमिनीखालचं कोठार, तोंड अरुंद आणि पोट माणूस बुडेल एवढं. या पेवात तीस वर्षं दाणा नव्हता. महिन्यापूर्वी सिद्धूने तोंडावर सिमेंट मारून घेतलं, पोरं पडतील म्हणून.

सर ओसरीवर बसले होते. पांढरं स्वच्छ धोतर, कपाळावर विभूती. इंद्रायणी त्यांची विद्यार्थिनी. दर सोमवारी ते पोरांची नखं तपासायचे, आणि नखात काळं दिसलं की पट्टी उभी धरून मारायचे. पस्तीस वर्षं त्यांनी गावाला स्वच्छता शिकवली. बायको गेल्यापासून ते घरात एकटेच होते.

नातू दवाखान्यात असताना या माणसाने तिला पहिल्यांदा काय दाखवावं, तर नवीन बाथरूम आणि संडास. गुलाबी फरशी, गीझर, बसायचं कमोड. गेल्या वर्षी विहीणबाई संडास नाही म्हणून दुसऱ्याच दिवशी परत गेल्या होत्या आणि जाताना चारचौघांत बोलून गेल्या होत्या. ते सरांच्या फार जिव्हारी लागलं होतं. यंदा त्या पुन्हा येणार होत्या, म्हणून यात्रेआधी काम पुरं करायचंच, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. इंद्रायणीला ते खोटं वाटलं नाही.

"सर, तुम्हाला त्रास नाही झाला?"

"देवाची कृपा."

"आडाचं पाणी प्यायला नाहीत?"

"मुतखडा आहे. डॉक्टरांनी जारचं पाणी सांगितलंय."

"कधीपासून?"

"झाले असतील पंधरा-वीस दिवस."

"आणि पाहुण्यांना?"

"त्यांना गोड पाणी लागतं. आडाचंच मागतात." सरांनी तिच्यापुढे जारच्या पाण्याचा पेला सरकवला. तिने तो उचलला नाही.

मग त्यांनी एक कागद दिला. बजाबाईविरुद्धची तक्रार, त्यांच्याच वळणदार अक्षरात, श्रावणीने खाली सही करावी म्हणून जागा सोडलेली. एकही खाडाखोड नव्हती.

परसात जाऊन तिने मैल्याच्या टाकीचं झाकण पाहिलं. भोवती माती भुसभुशीत आणि कोरडी होती. माशी नाही, वास नाही. झाकणाच्या फटीतून मुंग्यांची रांग निवांत आतबाहेर करत होती. पंधरा माणसं चार दिवस राहून गेलेल्या घराची ही टाकी. घाण दिसली असती तर तिला किळस आली असती. घाण दिसत नव्हती, म्हणून ती घाबरली.

तिने गवंडी आसिफला फोन लावला. तो अक्कलकोटला दुसऱ्या कामावर होता.

"आसिफभाई, सरांच्या टाकीचा खड्डा किती खोल नेला?"

"तीन फूट, बाई. खाली खडक लागला की. फोडायला मशीन लागंल म्हनलं, महिना-दीड महिना थांबा. सर म्हनले, यात्रा तोंडावर आली, हाय तेवढ्यात बांद."

"तेवढ्यात पंधरा माणसांचं भागेल?"

"दोन दिवसात वर येतंय बगा. मी बोललो तसं."

"पाइप तूच जोडलास?"

"न्हाय. टाकी बांदून झाकन टाकलं. पाइप ठिवून जा म्हनले, त्यो मी जोडून घेतो म्हनले."

इंद्रायणीने फोन ठेवला आणि सरांच्या भिंतीला वळसा घालून पुन्हा बोळात आली. आता तिला ठेच लागली नाही.

दुपारी तीनला जीप आली. ठाण्याचे साहेब आणि श्रावणी उतरले. ओजसने सकाळी डोळे उघडले होते, पण धोका टळलेला नव्हता. त्याच्याजवळ बाप बसला होता. सगळी गल्ली सरांच्या अंगणात जमली होती. बजाबाईला आणून एका कोपऱ्यात बसवलं होतं, आणि तिच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं.

इंद्रायणीने साहेबांना विनंती केली, की अहवाल वाचण्याआधी दोन झाकणं उघडू. पहिलं परसातलं उघडलं. तीन फुटांच्या टाकीत सिमेंटची रिकामी पिशवी होती आणि एक पाल. थेंबभरही ओल नव्हती. माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"आता बोळातलं," ती म्हणाली.

"त्याची काही गरज नाही," सर म्हणाले. ते उठून उभे राहिले होते.

छिन्नी-हातोड्याने सिमेंट फोडलं. एका म्हाताऱ्याने सवयीने सांगितलं, पेव हाय, आधी दिवा सोडून बघा, वायू असतोय. दिवा आणेपर्यंत कुणाला थांबावं लागलं नाही. सिमेंटखालची चिपरी, म्हणजे तोंडावरची दगडी फरशी, हातभर सरकली आणि जो भपका वर आला, त्याने पुढच्या ओळीतली माणसं मागच्यांच्या अंगावर गेली. एकाने तिथेच ओकारी काढली. ठाण्याच्या साहेबांनी रुमाल तोंडाला लावला आणि वाकून पाहिलं. पेवाच्या पोटात, सरांच्या भिंतीकडून, एक नवा कोरा पाइप येऊन थांबला होता. खालचं काही सांगायला नको.

इंद्रायणीने नाकाला पदर लावूनच सांगायला सुरुवात केली. आडात वरून कुणी काही टाकलं असतं तर डाग काठापासून लागला असता. तो लागलाय पाण्याच्या जरा वर, पेवाच्या बाजूला, दगडांच्या सांध्यातून. दुसरं, बजाकाकू स्वतः परवापासून आजारी आहेत. ज्याने पाण्यात घाण घातली तो तेच पाणी पिणार नाही. तिसरं, टाकी कोरडी आहे, म्हणजे चौदा पाहुण्यांचं सगळं दुसरीकडे गेलं. घराजवळ तेवढं मावेल अशी जागा एकच होती, आणि तिचं तोंड महिन्यापूर्वी बंद झालं. पाइप जोडायला गवंडी नको होता, कारण गवंडी बोलला असता.

सर म्हणाले, "पेवात पाण्याचा थेंब शिरत नाही, इंद्रायणी. आमच्या आज्याची ज्वारी त्यात वर्षानुवर्षं कोरडी राहायची. मला वाटलं, ज्यात बाहेरचं आत येत नाही, त्यातलं बाहेरही जाणार नाही. यात्रा झाली की मशीन आणणार होतो."

"ज्वारी राहायची तेव्हा दरवर्षी आतून गवताचं काड लावून शेणामातीने लिंपायचे, सर. तीस वर्षांत ते सगळं कुजलं. एवढी तुमची चूक, आणि तेवढीच असती तर मी चूक म्हणूनच लिहिलं असतं." ती एक पाऊल पुढे आली. "पण संडास सुरू झाल्यावर आठवड्यात तुम्हाला पाण्याला वास आला. तुमचं नाक मला माहीत आहे. तुम्ही जार लावला. मुतखड्याचा कागद दाखवा, मी शब्द मागे घेते."

सरांनी कागद दाखवला नाही.

"तुम्ही एकटे होतात तोवर पाझर थोडा होता, गल्लीला कळला नाही. पाहुणे आले आणि पेव भरलं. तेव्हा तुम्ही एक शब्द बोलला असतात, की आडाचं पिऊ नका, तर हे काही झालं नसतं. पण मग विहीणबाईंना कारण सांगावं लागलं असतं. ते टाळायला तुम्ही चौदा माणसांना, सगळ्या गल्लीला हे पाजलंत. आणि वर या म्हातारीवर तक्रार लिहिलीत, सुवाच्य अक्षरात."

ज्यांनी सकाळी बजाबाईच्या दाराकडे थुंकून घेतलं होतं, ते आता जमिनीकडे बघत होते. इंद्रायणीला त्यांचीही शिसारी आली.

श्रावणी वडिलांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"यात्रेच्या दिवशी ओजसला पालखीबरोबर न्यायचं म्हणून मी त्याची बाटली भरत होते," ती म्हणाली. "जारमधलं भरू का विचारलं तुम्हाला. काय म्हणालात?"

सर धोतराचा सोगा सारखा करू लागले.

"अप्पा, काय म्हणालात?"

"म्हणालो, जारमधलं संपत आलंय," सिद्धलिंगप्पा हळूच म्हणाले. "माझ्यापुरतंच आहे."

श्रावणीने तक्रारीचा कागद मागून घेतला, वाचला आणि चार तुकडे केले. मग साहेबांच्या समोरच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, नवीन लिहून घ्या, फिर्यादी मीच. साहेबांनी तिचं नाव, वय, पत्ता नवी पेठ, असं सगळं लिहिलं. आरोपीचं नाव विचारलं, तिने पूर्ण नाव सांगितलं. मग साहेबांचं पेन थांबलं. फिर्यादीशी नातं विचारावं लागतं, म्हणाले, आणि त्यांनाच अवघडल्यासारखं झालं.

"लिहा," श्रावणी म्हणाली. "वडील."

साहेबांनी तसं लिहिलं आणि सहीसाठी कागद तिच्याकडे फिरवला.