डॉक्टरांना एकच मराठी येते

राममूर्तींनी जीभ बाहेर काढली, तिला तर्जनी लावली आणि तीच तर्जनी डॉक्टरांच्या बोटाला टेकवली. मग पुन्हा जिभेला. पुन्हा बोटाला. "अजून भरभर," डॉक्टर म्हणाले, तसे ते अजून भरभर करू लागले. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस. सांगितलेलं काम तो का, कशाला न विचारता करत होता.

कॉटभोवती शेवटच्या वर्षाचे सहा विद्यार्थी उभे होते. एकही हसला नाही. शेषाद्रीने तर वहीत लिहूनही घेतलं: जीभ-बोट चाचणी.

कीर्तना त्याच वॉर्डात दुसऱ्या पेशंटकडे चालली होती. अर्धांगाच्या झटक्यानंतर ज्यांचं बोलणं जातं, त्यांना परत बोलतं करणं हे तिचं काम. ती जाता जाता थांबली. थांबायला नको होतं, कारण थांबल्यावर हसू आवरेना.

"काही चुकतंय का?" डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं.

"त्यांचं काही चुकत नाहीये, डॉक्टर. तुम्हीच त्यांना जिभेला हात लावायला सांगताय. नाक्कु म्हणजे जीभ. नाकाला मूक्कु म्हणतात."

डॉक्टर गिरीधर पटवर्धन मिरजेहून चेन्नईला येऊन तीनच आठवडे झाले होते. त्यांनी आपल्या ओल्या बोटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि स्वतःशीच मराठीत पुटपुटले, "गेलं नाक… आणि हसते काय सुंदर."

कीर्तनाला शब्द न् शब्द कळला. तिने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

वेस्ट मांबलमच्या तिच्या घरात मराठीच बोलत. तंजावरची मराठी – जुनी, मध्येच तमिळ वळण घेणारी. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून एक स्थळ आलं होतं. कीर्तना चार वाक्यं बोलली आणि मुलाची बहीण म्हणाली, "कित्ती गोड! शिवाजी महाराजांच्या काळात गेल्यासारखं वाटतंय." मुलाने पाचवं वाक्य फोनवर रेकॉर्ड करून घेतलं. ते त्यांच्या घरच्या ग्रुपवर फिरलं, आणि फिरत फिरत तिच्या मावशीपर्यंत आलं. त्यानंतर महाराष्ट्रातल्या माणसासमोर मराठी बोलायचं नाही, हे तिने ठरवून टाकलं. आडनाव राव, म्हणून डॉक्टर तिला तेलुगू समजले. तिने ते तसंच राहू दिलं.

चूक दाखवली म्हणून शिकवणीही तिच्याच गळ्यात पडली. मंगळवारी आणि शुक्रवारी, बाह्यरुग्ण विभाग आटोपला की, तिच्या खोलीत. डॉक्टरांचं तमिळ कपाळापासून सुरू व्हायचं आणि पायाच्या अंगठ्यापाशी संपायचं. डोळे मिटा, दात दाखवा, माझा हात दाबा. त्यापलीकडे शब्द नाही.

"भाजीवाल्याशी कसं बोलता?" तिने एकदा विचारलं.

"त्याला हात वर करायला सांगतो. तो करतो. मग मी भाजी दाखवतो."

"आणि तो देतो?"

"घाबरून जास्तच देतो."

ती हसली की गिरीधर खिडकीकडे बघत पुटपुटायचा. "आता पुढचा धडा डोक्यात शिरायचा नाही." किंवा, "आज मोरपंखी साडी… संपलं." एकदा, बराच वेळ पेन फिरवून – "विचारावं का हिला? नको. नाही म्हणाली तर तमिळ कोण शिकवणार."

"काय म्हणालात?" कीर्तना विचारायची.

"काही नाही. उजळणी."

आधी तिला गंमत वाटली. मग ती त्या पुटपुटण्याची वाट पाहू लागली. आणि मग एके दिवशी लक्षात आलं की हे आता सांगताच येणार नाही. सांगितलं, तर आपण इतके महिने त्याच्या मनातलं ऐकत बसलो हे कबूल करावं लागेल. शिवाय पहिल्याच वाक्याला तोही हसेल. "कित्ती गोड" म्हणेल. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर तिने सोडून दिलं असतं. त्याने म्हटलेलं चाललं नसतं.

आठव्या महिन्यात, डॉक्टरांचं तमिळ अजून अंगठ्यापाशीच अडलेलं असताना, जयवंतीबाई दाखल झाल्या. वय चौऱ्याहत्तर, ताप आणि असंबद्ध बडबड. रक्तात सोडियम फार कमी होतं. ते दोन दिवसांत भरून काढलं, ताप उतरला, एमआरआय स्वच्छ आला. बडबड थांबली की नाही, एवढंच बघायचं राहिलं होतं. थांबली नसेल तर मेंदूला संसर्ग असण्याची शक्यता धरून दुपारी पाठीच्या कण्यातून पाणी काढायचं होतं. बाई रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर होत्या, त्यामुळे ते कामही जोखमीचं होतं.

बोलणं तपासायचं म्हणून कीर्तनालाही बोलावलं होतं. ती पोचली तेव्हा गिरीधर विद्यार्थ्यांना सांगत होता, "भाषा नेहमी मातृभाषेत तपासायची. नंतर शिकलेली भाषा वाचते आणि पहिली जाते, असंही होतं. यांच्या केसपेपरवर मातृभाषा मराठी लिहिलीय. आज माझा दिवस आहे."

त्याने चष्मा वर धरला. "आजी, हे काय?"

"कण्णाडी."

"आज जेवण कसं होतं?"

"सांबार मोसम."

गिरीधरच्या कपाळाला आठी पडली. "बरं. मी कोण?"

जयवंतीबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "पावम," त्या म्हणाल्या.

तो विद्यार्थ्यांकडे वळला. "बोलणं अडखळत नाही, पण शब्द चुकीचे येतायत. जेवणाबद्दल विचारलं तर ऋतू सांगतात. मला पाव म्हणतात. म्हणजे मेंदूच्या डाव्या टेम्पोरल भागाला, भाषेच्या जागेलाच धक्का आहे, एमआरआय काही म्हणो. शेषाद्री, पाणी काढायची तयारी करा."

विद्यार्थी एकमेकांकडे बघू लागले. शब्द त्यांच्या ओळखीचे, तमिळ होते. पण सर मराठी तपासत होते, आणि मराठीत त्या शब्दांचं काय होतं हे त्यांना कसं कळणार? शेषाद्री सुईचा ट्रे आणायला निघाला.

कीर्तनाने तमिळमध्ये सांगून भागलं असतं का? नसतं. गिरीधर म्हणाला असता, मराठीत तमिळ मिसळतंय, हीच तर खूण आहे. तंजावरच्या मराठी घरांतून असंच बोलतात, हे त्या घरातल्याच कुणीतरी सांगायला हवं होतं.

ती कॉटजवळ गेली आणि मोठ्याने म्हणाली, "आजी, सांबार मोसम की?"

"मोसमच गे. मीठच नाहीं त्यांत." बाई उठून बसायला बघू लागल्या. "तूं आमच्यांतली की? मग ह्या लेंकराला सांग. तीन दिवस मला हात वर कर, जीभ दाखव म्हणतो. पावम, ह्यालाच कायतरी झालंय."

गिरीधरच्या हातातला चष्मा तसाच हवेत राहिला.

"मोसम म्हणजे वाईट," कीर्तना त्याच्याकडे न बघता मराठीत म्हणाली. "पावम म्हणजे बिचारा. कण्णाडी म्हणजे चष्मा. आमच्या घरांत असंच बोलतों. शब्द एकही चुकला नाहीं, सर. त्या ठीक आहेत."

शेषाद्री दारातून परत आला. त्याने हळूच विचारलं, "सर, मग निदान?"

"निदान…" गिरीधरने चष्मा खिशात ठेवला. "डॉक्टरांना एकच मराठी येते. लिहून घ्या. यांचं पाणी काढायचं नाही. उद्या सोडियम परत बघू आणि घरी पाठवू." मग त्याला बाकीचं सगळं आठवत गेलं असावं, कारण तो कानांपर्यंत लाल झाला आणि पुढच्या कॉटकडे न जाता थेट वॉर्डाबाहेर पडला.

तो मंगळवार होता. कीर्तना शिकवणीच्या वेळी खोलीत बसून राहिली. तो येणार नाही, असं तिने धरून ठेवलं होतं. वीस मिनिटं उशिरा दार वाजलं.

"आठ महिने?" त्याने दारातूनच मराठीत विचारलं.

"आठ."

"मोरपंखी साडी?"

"ऐकलं."

"देवा." तो खुर्चीत बसला. "सांगितलं का नाही?"

तिने सांगितलं. पुण्याचं स्थळ, बहीण, फोन, पाचवं वाक्य. आपल्याच मराठीत, न थांबता, त्याच्या चेहऱ्याकडे बघत – कुठे हसतो ते पाहण्यासाठी. तो हसला नाही. दोनदा त्याने तिला थांबवून शब्दाचा अर्थ विचारला, एवढंच.

"सकाळी तू बोलली नसतीस, तर मी त्या बाईंच्या पाठीत सुई घातली असती," तो म्हणाला. "माझ्या शब्दासारखा नाही म्हणजे चुकीचा… असं कसं धरलं मी?" त्याने घसा साफ केला. "आता हे पुटपुटत नाहीये, नीट विचारतोय. रविवारी तुझ्या घरी येऊ? आई-वडिलांना भेटायला?"

कीर्तनाने टेबलावरची चित्रांची कार्डं उगाच जुळवली.

"या. पण एक सांगतें. तुम्ही आलांत की सगळे कल्याणाचंच विचारतील."

गिरीधरने उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग मिटलं.

"कल्याण म्हणजे?"

"तुम्हांला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही. मांबलमला कोपऱ्याकोपऱ्यावर कल्याण मंडपम आहेत, ते मी समाजकल्याण खात्याचे समजत होतो. तू सांग."

तिने सांगितलं. लग्न.

या वेळी त्याने तिच्याकडे बघितलं – खिडकीकडे नाही.

"विचारू देत की," तो म्हणाला.