डबा नसला तरी

'उद्या डबा आणू नकोस. तरी ये.'

एवढंच पत्र. त्याला मी उत्तर दिलं नाही. सोळाव्या वर्षी मला वाटलं, माझी फजिती करायला कुणीतरी ते तिच्याकडून लिहून घेतलंय.

वर्गात मला 'पोतं' म्हणत. खेळाचा तास आला की मी शाळेच्या वाचनालयात शेवटच्या कपाटामागे लपायचो. एकदा बघतो तर तिथे आधीच कुणीतरी बसलेलं — वर्गातली 'काडी'. भर उकाड्यात अंगात दोन स्वेटर!

"थंडी वाजतेय?"

"छे रे. जरा भरल्यासारखी दिसते." मग माझ्या हाताकडे बघत, "तू डबा उघडत का नाहीस?"

"बारीक व्हायचंय."

"मग दे इकडे. मला जाड व्हायचंय!"

आमचं जमलं. ती डोळे मिटून खायची... मी पुस्तकाआडून बघत राहायचो. मध्येच ती एक डोळा उघडायची.

"पान उलट की! मघापासून तेच वाचतोयस."

माझे कान तापायचे. पण मनात पाल चुकचुकायची — ही डब्यासाठीच येते. माझ्यासाठी कोण येणार?

एक दिवस तिने घास माझ्यापुढे धरला.

"घे. तू असा उपाशी बसलास की मला गिळवत नाही."

बोटं ओठांना लागली... आणि दाराआड पोरं खिदळली. त्याच संध्याकाळी माझ्या पुस्तकात ते पत्र निघालं. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांदेखत मैदानावर धापा टाकत पळालो, पण वाचनालयात गेलो नाही.

पुढे ती दातांची डॉक्टर झाली. दवाखाना दोन गल्ल्या सोडून. माझी दाढ ठणकली की मी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरकडे जातो. तिच्या पाटीवर अजून माहेरचंच आडनाव आहे. लग्न केलं नसेल... की पाटीच बदलली नसेल? त्यातही मला संशय.

परवा माझ्या भावाची नात — चौदा वर्षांची, अंगाने माझ्यावर गेलेली — ताट सरकवून उठली.

"आजोबा, वर्गातला एक मुलगा म्हणतो, मी त्याला आवडते. चेष्टाच असणार."

"कशावरून?"

"बघा ना माझ्याकडे!"

मी बघितलं. खट्याळ डोळे, शाईची बोटं, रागावली तरी गालात लपलेलं हसू. आवडण्यासारखीच तर होती.

"त्याला विचारून तर बघ."

"तुम्ही विचारलं होतंत कधी कुणाला?"

मी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"आधी जेव," शेवटी म्हणालो. "मी एक पत्र टाकून येतो."

"कुणाला?... आजोबा, तुम्ही लाजताय!" तिने ताट पुढे ओढलं. "बरं, तुम्ही टाका. मग मी विचारते."

'डबा न आणता येतो. अजून चालेल?' एवढंच लिहिलं. टपालपेटीच्या तोंडाशी हात थबकला. ती हसली तर?...

हसू दे. ती खाताना मिटायची तसे मी डोळे मिटले, आणि पत्र सोडून दिलं.