पाच जणांसकट

सरांनी सामना संपल्याची लांब शिट्टी फुंकली मात्र, शेजारच्या कुंपणाच्या भगदाडातून पाच कुत्री एकामागून एक मैदानात घुसली आणि थेट सरांसमोर येऊन ओळीने बसली. जिभा बाहेर, माना वर, नजर सरांच्या तोंडावर!

आता फुटबॉल शिकवायला नव्यानेच आलेले हे सर म्हणजे चांगले उंचेपुरे, दणकट. पण कुत्रं दिसलं की रस्ता बदलणारे. त्यांचे पाय जागीच थिजले. शिट्टी तशीच दातांत, आणि भीतीने श्वास हा असा जोरात… म्हणजे प्रत्येक श्वासाला शिट्टी! फुर्र… फुर्र… आणि प्रत्येक शिट्टीला ती पाचही इमानेइतबारे आणखी थोडी पुढे सरकत होती. खेळणारी पोरं हसून हसून गवतात लोळली.

"अहो, आधी ती शिट्टी तोंडातून काढा!"

एक मुलगी पळतच आली होती. गळ्यात मापाची टेप, बोटांना खडू, केसांत निळ्या दोऱ्याचा तुकडा. मैदानाला लागून असलेल्या घरात ती शाळांचे गणवेश शिवायची.

"काढली तर चावतील ना…" सर दातांतून म्हणाले. फुर्र!

"नाही काढलीत तर मांडीवर येऊन बसतील."

सरांनी घाईघाईने शिट्टी काढली.

"आमच्याकडे लांब शिट्टी म्हणजे जेवण," ती म्हणाली. "पाच जणांना हाका मारून मारून घसा बसायचा माझा, म्हणून ही सवय लावली. तुम्ही बोलावलंत, ते आले. त्यांचं काय चुकलं?"

"मी कुठे बोलावलं? मी सामना संपवला!"

"मग उद्यापासून वेगळी शिट्टी वाजवा."

"खेळाचा नियम आहे तो. तुम्हीच बदला तुमची."

"नाही जमणार. आमच्या आजोबांना दिसत नाही, त्या शिट्टीवरच जेवायला येतात ते."

"आजोबा?"

तिने ओळीच्या टोकाला बोट दाखवलं. तिथे पांढऱ्या भुवयांचं एक म्हातारं कुत्रं भलत्याच दिशेला तोंड करून मोठ्या अदबीने बसलं होतं. सर इतक्या भीतीतही खळखळून हसले. हसताना त्यांच्या उजव्या गालाला खळी पडते, हे तिला दिसलं… आणि उगाचच ती गळ्यातली टेप बोटाला गुंडाळू लागली.

"मग असं करू," ती म्हणाली, "तुमची शिट्टी कुठली, माझी कुठली, हे यांना शिकवू. रोज संध्याकाळी अंगणात यायचं."

"रोज?"

"का? भीती वाटते?"

"छे हो! मला कसली भीती?" असं म्हणत सर दोन पावलं मागे सरले.

पण आले हं दुसऱ्या दिवशी! पहिले काही दिवस अंगणातल्या बाकावर उभे राहून शिट्टी वाजवत होते, ते सोडा. आधी सर वाजवायचे, कुणालाच काही मिळायचं नाही. मग ती वाजवायची, ताटल्या भरायच्या. सुई आणि दोरा या बहीणभावांना फरक लवकर कळला. बटण महाहावरं, त्याला कळूनही कळायचं नाही. कात्री मात्र सगळं सोडून सरांच्या बुटाची नाडी ओढत बसायची.

"हिला सांगा ना काहीतरी…"

"तुम्हीच सांगा. तिला तुम्ही आवडता."

"आणि बाकीच्यांना?"

"बाकीच्यांचं मला काय ठाऊक?" ती म्हणाली, आणि कान लाल झाले म्हणून ताटल्या विसळायला वळली.

त्यानंतर खेळ. चिंध्यांचा एक मोठा चेंडू होता आणि घरचा एक नियम होता — प्रत्येकाची पाळी. आजोबांच्या पाळीला चेंडू फेकायचा नाही, जमिनीवरून हळूहळू ढकलत त्यांच्या नाकापर्यंत न्यायचा. एके संध्याकाळी तिचे हात कामात होते, तेव्हा सर गुडघ्यांवर बसले आणि चेंडू ढकलत निघाले. आजोबांनी आधी चेंडू हुंगला, मग सरांचा हात.

"थरथरताय तुम्ही," ती हळूच म्हणाली.

"थरथरू दे. पाळी त्यांची आहे ना?"

बस्स. त्या क्षणी ती प्रेमात पडली. चांगली धप्पकन पडली!

नेमकं त्याच आठवड्यात दादाने तिच्यासाठी स्थळ आणलं. कापडाचं दुकान, माणूस सभ्य. अट एवढीच, की दोन कुत्री चालतील, बाकीची कुणाला तरी देऊन टाका.

"दोन ठेवतायत, हेच खूप झालं," दादा म्हणाला. "आणि हे बघ, आमच्या बाळाला आता खोली लागणार. लग्न नको असेल, तरी तिघांना इथून हलवावंच लागेल."

"कुठली तीन, दादा? तू निवड. आजोबांना काढतोस?"

वहिनीने खाली बघितलं.

"एकही जाणार नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण तो आवाज दादाला लहानपणापासून माहीत होता. "जायचंच झालं तर आम्ही सहाही जण जाऊ."

संध्याकाळी तिने सरांना हे सगळं सांगितलं. सांगताना वाटलं, आता काहीतरी म्हणतील… पण सर नुसतं "अच्छा" म्हणाले आणि सायकल काढून निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही नाही.

"पळाले!" ती कात्रीला म्हणाली आणि रागारागाने एका शर्टाची बाही उलटी शिवून बसली. रडूही आलं. मग तिने डोळे पुसले, पाचही पट्टे हातात घेतले आणि स्वतःच घर शोधायला बाहेर पडली. कुणी नसलं तर नसलं.

कोपऱ्यावरच सर भेटले. चिखलाने माखलेले, सायकल हातात धरून चालत येत होते. कुत्र्यांनी एकच गिल्ला केला.

"कुठे होतात?"

"घरं बघत होतो. कुत्री म्हटलं की लोक दारच लावतात हो! एका काकूंनी तर मलाच हाड् हाड् केलं."

तिला हसायचं नव्हतं, तरी हसू आलं.

"शेवटी एक मिळालं. लांब आहे, नळ गळतो… पण अंगण केवढं! मालकीणबाईंनी विचारलं, राहणार किती जण?"

"मग? सहा सांगितलंत ना?"

"नाही…" सरांनी एकदा कुत्र्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे. "सात सांगितलं."

पट्टे पायांत गुंतले, बटण कुणावर तरी भुंकत सुटलं, तिला काहीच ऐकू येईना.

"भीती गेली?" तिने कसंबसं विचारलं.

"नाही गेली. जाईलसं वाटतही नाही. भीत भीत राहीन मी, पण तुझ्याजवळ राहीन. चालेल तुला… असा भित्रा नवरा?"

तिने गुंता सोडवला. तीन पट्टे स्वतःकडे ठेवले आणि दोन सरांच्या हातात दिले.

"चालेल," ती म्हणाली. "चल, दादाला सांगू. आत्ताच."