हात बसतो म्हणजे काय?

कडाक्!

दुसराही बोल्ट तुटला आणि खटपट्या यंत्रमानव हातातल्या पान्याकडे बघतच राहिला. "नियमात आहे तेवढाच जोर लावला, उल्काताई. तरी तुटला कसा?"

उल्काला रडूच फुटायचं बाकी होतं. मंगळावरच्या वस्तीत तिने काचघरात टोमॅटो लावले, तेव्हा सगळ्यांनी तिची टर उडवली होती. आता रोपांना चक्क फुलं आली होती! आणि नेमका आजच पंप गळायला लागला. संध्याकाळपर्यंत पाणी मिळालं नाही तर रोपं माना टाकणार. बोल्ट उरला होता एकच.

वस्तीची फिटर फिलूमावशी आली ती हसतच. "काय रे खटपट्या, बोल्ट खातोस की काय?"

"मावशी, हसू नकोस ना! तूच लाव," उल्का म्हणाली.

"लावू की. पण बोल्ट पकडून कसा ठेवतो, ठाऊक आहे?"

उल्काने मान हलवली. नव्हतं ठाऊक.

"नट आवळला की बोल्ट कणभर ताणला जातो, रबरासारखा. त्याला परत आखडायचं असतं, म्हणून तो दोन्ही भाग ओढून धरतो. फार ताणला, तर तुटतो. पण आपला बराचसा जोर घर्षणातच (घासताना होणाऱ्या अडथळ्यात) जातो. उरलेला तेवढा बोल्ट ताणतो."

उल्काने बोल्ट उचलला, तर तो बोटांतून सटकला. "ईऽऽ, तेलकट!" आणि ती एकदम ओरडली, "अगं, तेलाने घर्षण कमी झालं! मग तेवढाच जोर बोल्टला जास्त ताणणार! खटपट्या, तुझ्या नियमातला जोर कोरड्या बोल्टचा होता!"

"अगं बाई, ही तर फिटरच निघाली!" मावशीने पाना तिच्याच हातात दिला. "पाना जड लागला की आणखी जरासंच. मग हात आवर."

उल्काने पाना नटवर लावला. पाना फिरला, जड झाला, आणखी जरासा... बस्स! पंप घरघरला. एक थेंब गळला नाही. काचघरात पाणी खळखळलं आणि उल्का आनंदाने नाचायलाच लागली.

"मावशी, मला शिकव. मोठी झाल्यावर मी फिटरच होणार!"

"होच! पुढच्या यानातून माणसं येतायत. त्यांची हवा, पाणी, घरं जोडायला हात नकोत? मात्र हात बसायला वेळ लागतो हं."

खटपट्या गडबडीने बाहेर गेला. परतला तो खुर्ची घेऊन.

"ताई, हात कधीपासून बसवायचा?"

"आत्तापासून!" उल्काने पाना उचलला.