मैना छाप

नळदुर्गच्या मोटार स्टँडवर वारा असा भणाणला, की टपावरून उतरवलेल्या गठ्ठ्याची सुतळी सुटली अन् शेकडो कागद भुर्रकन उडाले. त्यातला एक शिवकांताच्या पदराला येऊन चिकटला. तिनं पाहिलं... अन् ती जागीच थबकली. हिरव्या फांदीवर बसलेली मैना! तिच्याच दंतमंजनाचं लेबल. खाली नाव मात्र लोहाऱ्याचा व्यापारी महालिंगप्पा याचं.

कागद वेचत धावणारा उंच तरुण समोर आला. "तेवढा एक राहिला... द्या की."

"चोरलेत व्हय?"

"न्हाय, छापलेत. धाराशिवात छापखाना हाय माझा. बसवराज माझं नाव."

"ही मैना माझ्या आप्पांनी काढलेली हाय!"

तिच्या डोळ्यांत राग होता, अन् पाणीही. बसवराजनं वेचलेले कागद पुन्हा गठ्ठ्यात बांधले.

सहा वर्षांपूर्वी शिवकांताच्या वडिलांनी, वीरप्पांनी, बाभळीची साल, लवंग अन् तुरटी कुटून मंजन केलं होतं. ते गेल्यावर शिवकांता अन् तिची आई शांताक्का तेच करून विकत. अक्षर न ओळखणाऱ्या बायाही बाजारात "मैना द्या" म्हणायच्या. अलीकडं मात्र त्याच बाया भांडायला येत. हिरड्या सोलल्या म्हणून. पुड्यांत विटेची भुकटी निघायची. आज कोडं उलगडलं.

बसवराज गठ्ठा घेऊन तसाच माघारी गेला. दोन दिवसांनी तो शिवकांताच्या दारात उभा! हातात महालिंगप्पाची चिठ्ठी. 'अशीच मैना छापा. बाजारात फरक कळता कामा नये.' चिठ्ठीला नमुना डकवलेला. खालचं नाव फाडलेलं, पण 'वीर' एवढी दोन अक्षरं शाबूत होती.

"मी तवाच नीट बघायला पायजे होतं," तो म्हणाला. "दावा लावा. मी साक्ष देतो."

निजामाच्या कचेरीत सगळा कारभार उर्दूत. बसवराजला उर्दू येत होती. अर्ज लिहायच्या निमित्तानं तो दर आठवड्याला येऊ लागला.

"एवढं सावकाश लिहिता?" शिवकांता विचारी.

"लवकर लिहिलं तर... लवकर जावं लागंल."

ती मान वळवून लवंगा कुटायला लागे. हसू मात्र लपत नसे.

सुनावणीच्या आधी महालिंगप्पा छापखान्यात आला. "साक्ष दिलीस तर पेठेतलं एकबी काम तुला मिळणार न्हाय."

बसवराज घाबरला नाही असं नाही. त्याच्या निम्म्या कामाचा धनी तोच होता. तरीही तो कचेरीत उभा राहिला, अन् चिठ्ठी न्यायाला बसलेल्या मुनसफसाहेबांपुढं ठेवली.

महालिंगप्पाचा वकील उसळला, "मैना काय कुणाच्या मालकीची असते, हुजूर? रानात हजार आहेत!"

"रानातली कुणाचीबी असू द्या," शिवकांता ठामपणे म्हणाली. "पुडीवरची आमच्या शब्दाची हाय. ती बघून लोक डोळे झाकून घेत्यात."

मग सास्तूरची जुनी गिऱ्हाईक द्वारकाबाई साक्षीला आली. साठी उलटलेली.

"ही मैना कधीपासून ओळखता?" मुनसफसाहेबांनी विचारलं.

"वीरप्पा होते तवापासनं. अन् पुरावा लागतोय व्हय?" म्हातारीनं कनवटीची अख्खी सुपारी काढली अन् दातांनी कडाड्कन फोडली. "ह्यो बघा!"

मुनसफसाहेबसुद्धा रुमालाआड हसले.

निकाल लागला. मैना वीरप्पाच्या घराची. महालिंगप्पाची सगळी लेबलं जाळावीत, त्यानं पुन्हा ती खूण वापरू नये. बाहेर बायांनी एकच गलका केला. शांताक्कानं लेकीची दृष्ट काढली.

येळवशीला, शेतातल्या अमावस्येच्या सणाला, शांताक्कानं बसवराजला शेतावर बोलावलं. ज्वारी पोटऱ्यात आली होती. आंबिलीचा लोटका पुढं करत शिवकांतानं विचारलं, "पेठेतली कामं खरंच गेली?"

"गेली थोडी. पर लई निवांत झोप लागती आता."

"आमची लेबलं तुमच्याकडंच छापायची ठरवलंय."

"किती वर्सांची बोली?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली... "तुमी सांगा."

"मी तर जन्माची धरून बसलोय. स्टँडवर तुमी चोर म्हणालात... त्या दिवसापासनं."

शिवकांतानं मान वर केली. लाजली, पण नजर हटवली नाही. "मग उशीर कशाला? आईला इचारा की."

कडब्याच्या कोपीआडून शांताक्काचा खणखणीत आवाज आला, "आयितु, झालं तर! इचारल्यासारखंच हाय. आधी जेवा दोघं!"